पुढच्या मडगार्डचं खालचं टोक

नावात 'मड' असूनही सायकलच्या मडगार्डचं चिखलाशीच सगळ्यात वाकडं. चिकणमातीच्या वाटेवर टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या बोटभर फटीत माती ठासून बसते, चाक जाम होतं आणि मग काटकी घेऊन खरवडत बसावं लागतं. रोजची वाट अशी असेल तर मडगार्ड लावूच नये. पण कामावर नेण्याची सायकल बहुधा डांबरावरून किंवा काँक्रीटवरून जाते. तिथे त्रास पाण्याचा, आणि तोही पाऊस पडत असताना कमीच. पाऊस थांबून अर्धा तास झाला, रेनकोट घडी होऊन पिशवीत गेला, की रस्त्यावरचं पाणी कामाला लागतं. त्यात वाळू असते, ऑइल असतं, आणि पुढे गेलेल्या जनावराने काही ठेवलं असेल तर तेही.

हे पाणी उडतं कसं, ते एकदा मुद्दाम बघावं. मागचं चाक स्टँडवर उचलून टायर ओला करायचा आणि पेडल जोरात फिरवायचं. टायर त्या क्षणी ज्या दिशेने चाललेला असतो, थेंब सुटून त्याच दिशेला जातो. चाकाच्या खालच्या भागातून सुटला तर मागे, मागच्या बाजूला मध्यावर सुटला तर सरळ वर, माथ्यावर सुटला तर पुढे. शर्टाच्या पाठीवर मधोमध उमटणारी मळकी रेघ मागच्या चाकाच्या वर जाणाऱ्या थेंबांची. पुढच्या चाकाच्या माथ्यावरचे थेंब आधी पुढे झेपावतात, हवेने मंदावतात, आणि आपण मागून जाऊन त्यांच्यावर तोंड आपटतो.

पाठ आणि तोंड दिसतं, म्हणून लोक त्याचीच काळजी करतात. सीटखाली अडकवायची प्लास्टिकची शेपटी घेतात आणि झालं म्हणतात. ती शेपटी शर्ट वाचवते, बाकी काही नाही. खरी खराबी करतात ते पुढच्या चाकाच्या खालून मागे सुटणारे थेंब. ते बुटांवर, क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) आणि चेनवर बसतात. चेनवर बसलेली वाळू ऑइलमध्ये कालवली की तिचं लुगदं होतं, आणि ते लुगदं घासण्याच्या पेस्टसारखं वागतं. चेन लांबते, मग लांबलेली चेन दातेही खाते. त्यामुळे अख्ख्या मडगार्डच्या जोडीत सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पुढच्या मडगार्डचं खालचं टोक. तेच बहुतेक मडगार्डांत आखूड ठेवलेलं असतं!

त्याला उपाय स्वस्त आहे: रबरी झडप, म्हणजे त्या टोकाला लटकवायचा पट्टा. जाड रबराच्या जुन्या पायपुसण्याचा तुकडा चालतो. जुनी ट्यूब फार लुळी पडते, वाऱ्याने मागे उडते. झडप खाली टायरपेक्षा दोन बोटं रुंद हवी आणि जमिनीपासून साधारण ८ ते १० सेंटिमीटरवर थांबायला हवी. दोन भोकं पाडून, मोठे वॉशर घालून बारीक बोल्टने कसायची. नुसता बोल्ट रबर फाडून बाहेर येतो. कडक प्लास्टिक लावू नये, पहिल्याच पायरीला ते मोडतं. मागेही अशीच झडप लावली तर फायदा मागून येणाऱ्या सायकलवाल्याचा. तो आभार मानणार नाही, पण लावावी.

घेताना मडगार्ड टायरपेक्षा निदान ८ ते १० मिलिमीटर रुंद बघावं. ३५ चा टायर असेल तर ४५ चं ठीक. टायर आणि मडगार्ड यांच्यात १० मिलिमीटर फट हवी, आणि ती टायरमध्ये पूर्ण हवा भरून मोजायची, कारण फुगलेला टायर मोठा होतो. चाकाला आउट असेल, म्हणजे ते फिरताना डुगडुगत असेल, तर तो आधी काढून घ्यावा. नाहीतर दर फेऱ्याला होणारी घासाघीस मडगार्डच्या नावावर खपते.

बसवायला फार काही लागत नाही: आठ नंबरचा पान्हा, चार नंबरची ॲलन की, करवत, कानस. मागचं आधी बसवावं. फ्रेमच्या आडव्या पट्ट्यांना ते कसताना मध्ये फट राहिली, तर बोल्ट आवळून मडगार्ड ओढून आणायचा मोह होतो. तिथेच चूक होते. ताणात बसवलेलं प्लास्टिक हादऱ्यांनी नेमकं त्या भोकापाशी तडकतं. फट आहे तेवढे वॉशर किंवा रबराचे तुकडे भरावेत. मडगार्डला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारांचंही तसंच: नट ढिले ठेवून मडगार्ड चाकाशी समांतर आणायचं, ते आपल्या जागी शांत बसलं की मग आवळायचं. तारांची जास्तीची टोकं कापून, कानस मारून टोपी घालावी, नाहीतर पोटरीला ओरखडे ठरलेले. उजव्या बाजूच्या मागच्या बोल्टकडे खास लक्ष हवं. तो आतून दोन आटेही जास्त बाहेर आला, तर मागच्या सर्वांत लहान दातेरी चकतीवर चेन गेली की त्याला घासते. आखूड बोल्ट वापरायचा, बस्स. फ्रेमला भोकंच नसतील तर रबर लावलेले क्लॅम्प मिळतात, त्यावरही भागतं.

एका बाबतीत मात्र हयगय नको. काटकी टायरबरोबर वर ओढली जाऊन पुढच्या मडगार्डमध्ये अडकली, तर मडगार्ड गोळा होऊन फोर्कखाली (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याखाली) घुसतं, चाक जागच्या जागी थांबतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे. यासाठी पुढच्या तारांना झटक्याने सुटणाऱ्या क्लिपा येतात. नसतील तर त्या असलेलं मडगार्ड घ्यावं. लहान फ्रेमवर आणखी एक बघायचं: पेडल पुढे ठेवून हँडल वळवल्यावर बुटाचं टोक मडगार्डला लागतं का. वेगात हँडल तेवढं वळत नाही, पण सिग्नलला हळूहळू वळताना नेमकं अडखळतं.

वजनाची तक्रार करणाऱ्यांनी जोडी वजनकाट्यावर ठेवून बघावी. अर्ध्या किलोच्या आसपास भरते, म्हणजे अर्धा लिटर पाणी. खडखडाटाची तक्रार मात्र खरी आहे. नट हादऱ्यांनी ढिले होतात. स्प्रिंग वॉशर घालावेत, पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट एकदा आवळावेत. सगळं कसून झालं की सायकल वीतभर उचलून सोडायची. टायरचा धप्प आवाज आला तर हात धुवायला हरकत नाही. मागून काही खणखणलं, तर पान्हा अजून खिशात घालू नये.