अर्धीच छाटलेली भिंत

मे अर्ध्यावर आला आणि ऑब्रिशियाची, म्हणजे दगडांच्या फटींत पसरणाऱ्या एका बुटक्या फुलझाडाची, फुलं उतरायला लागली की कात्रीला धार लावायची, हा आमच्या कामातला ठरलेला नेम. मी इंग्लंडात, कॉट्सवोल्डमध्ये लोकांच्या बागा सांभाळते. इथली घरं पिवळसर चुनखडीच्या दगडाची आणि कुंपणंही त्याच दगडाची, नुसता दगडावर दगड रचलेली. ग्रीस-तुर्कस्तानकडच्या खडकाळ उतारांवरच्या ऑब्रिशियाला अशी भिंत मानवते. भरपूर ऊन हवं, मातीत चुना हवा आणि मुळाशी पाणी तुंबायला नको, एवढंच तिचं मागणं. एप्रिलमध्ये अख्खी भिंत जांभळी होते.

फुलं सरल्यावर तिला तसंच सोडलं तर शेंगा धरते (कूळ मोहरीचं!), फांद्या लोंबत जातात आणि मधला भाग उघडा पडतो. म्हणून निम्म्याच्या आसपास छाटायची. माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षवाल्यांचं. एप्रिलची खरड छाटणी (वेल पार बोडकी करायची) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची) बघतच मोठी झाले. त्यामुळे हात कचरत नाही. पण वेल आणि ऑब्रिशिया यांत फरक आहे. द्राक्षाची काडी एका डोळ्यावर, म्हणजे एका कोंबावर, आणली तरी फुटते. ऑब्रिशियाच्या नुसत्या तपकिरी काडीचा भरवसा धरता येत नाही. डाव्या हाताने जुडगा उचलायचा, आत वाळकी पानं, गोगलगायी, धूळ असते, ती झटकायची. खाली करड्या-हिरव्या, बारीक लव असलेल्या पानांचे छोटे झुबके दिसतात. कात्री त्यांच्या वर चालली पाहिजे.

त्या दिवशी घाईही होती. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, आणि त्यांची बाग जूनच्या पहिल्या रविवारी लोकांसाठी खुली होणार होती. इथे नॅशनल गार्डन स्कीम म्हणून उपक्रम आहे, १९२७ पासूनचा. खासगी बागा ठरल्या दिवशी तिकीट लावून दाखवायच्या आणि पैसे परिचारिकांच्या व आरोग्याच्या संस्थांना द्यायचे. सुरुवातीला तिकीट एक शिलिंग होतं. छाटलेली ऑब्रिशिया दोन-तीन आठवडे अगदी भकास दिसते, मग हिरवी होते. म्हणजे आज छाटली तरच रविवारपर्यंत भिंत बघण्यासारखी होणार.

निम्मी भिंत उरकली होती. पुढच्या जुडग्याला हात घातला आणि माझ्या मनगटाला घासून काहीतरी फर्रकन बाहेर गेलं. रॉबिन! आपल्या दयाळापेक्षा लहान, छाती नारिंगी. समोरच्या झुडपावर बसून टिक टिक असा सारखा ओरडायला लागला. मी जुडगा जरासाच बाजूला केला. एक दगड कधीतरी निसटला होता, त्या खोबणीत शेवाळ आणि वाळक्या पानांची वाटी, आत केसांचं अस्तर आणि पाच अंडी, फिकट, तांबूस ठिपक्यांची. जुडगा होता तसा सोडला आणि मागे सरले.

इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने रानपक्ष्याचं वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं गुन्हा आहे. मी घरट्याला हात लावणार नव्हतेच, पण ती हिरवळ हाच त्याचा आडोसा. ती कापली तर मॅग्पाय (घरटी लुटणारा पक्षी) आणि शेजारचं मांजर यांना आयतं ताट वाढल्यासारखं. दोन्ही बाजूंना मीटरभर तरी सोडायचं ठरवलं आणि बाईंना सांगायला गेले.

त्या बाहेर आल्या, काठी टेकून भिंतीकडे बघत राहिल्या. "आणि लोकांना काय सांगायचं? न्हावी अर्ध्यावर उठून गेला म्हणून?"

मी म्हटलं, अंडी उबायला दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी दोन. जूनच्या मध्याशिवाय काही होत नाही.

"रॉबिनला तारीख कळवायला हवी होती," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "सगळीच राहू दे का?" ते मात्र मी ऐकलं नाही. उरलेली भिंत त्याच दुपारी छाटली, बुडाशी बारीक खडी टाकली, पाणी घातलं. घरट्याचा पट्टा तेवढा राहिला.

रात्री व्हिडिओ कॉलवर आप्पांना फोटो दाखवले. खरड छाटणीत बाग बोडकी करणारा माणूस मला विचारतो, "अगं, थोडी फुलं होती अजून, एवढी कशाला कापलीस?" त्यांना झुबके दाखवले तेव्हा गप्प झाले. घरटं ऐकल्यावर मात्र म्हणाले, द्राक्षात बुलबुलाचं घरटं असलं की आम्हीही तेवढी काडी सोडून पुढे जातो.

खुल्या दिवशी लोकांनी त्या वाळक्या, शेंगा धरलेल्या पट्ट्याबद्दलच जास्त विचारलं. बाई प्रत्येकाला काठीने लांबूनच जागा दाखवत होत्या, आणि कुणी जवळ सरकलं की तीच काठी आडवी धरत होत्या. पिल्लं उडाल्यावर मी तो पट्टा छाटला, पण उशीर झालाच. पुढच्या एप्रिलला तिथे फुलं विरळ होती, आणि खालच्या फटींत शेंगांतून पडलेली रोपं उगवली होती, त्यांतली काही अगदीच फिक्या रंगाची. मी ती उपटणार होते. बाईंनी ठेवायला सांगितली, आणि बाग खुली करायची तारीख जूनच्या शेवटाला ढकलून घेतली.