वडाची कुंडी बदलली

आज सकाळी पुण्यात आमच्या बोन्साय मंडळाची मासिक बैठक एका ज्येष्ठ सदस्य काकूंच्या गच्चीवर झाली. पाऊस नुकताच सुरू झाल्यामुळे वड, पिंपळ, उंबर यांच्या कुंड्या बदलण्याचे काम आम्ही मुद्दाम आजच ठेवले होते.

मी माझा 11 वर्षांचा वड नेला होता. कुंडीतून बाहेर काढल्यावर मुळांचा घट्ट विणलेला गोळा दिसला आणि इतके दिवस त्याला जागा दिली नाही याचे मनापासून वाईट वाटले. काकूंनी बांबूच्या काडीने मुळे हळूहळू मोकळी केली, जाड मुळे छाटली, पण तंतुमुळे जपून राखली, कारण पाणी शोषण्याचे काम प्रामुख्याने तीच करतात. मग विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि चाळलेले शेणखत यांच्या मिश्रणात झाड बसवून ते तारेने कुंडीला बांधले. कोवळ्या पारंबीभोवती ओलसर शेवाळ भरलेली नळी लावून तिला मातीपर्यंत कसे न्यावे, हेही त्यांनी दाखवले. माझ्या दृष्टीने बैठकीतला सर्वांत मोलाचा भाग हाच.

चहाच्या वेळी 1625 पासून जोपासल्या गेलेल्या आणि 1945 मध्ये हिरोशिमाच्या अणुस्फोटातून वाचलेल्या यामाकी या जपानी कुटुंबाच्या पाइन बोन्सायचा विषय निघाला. 1976 मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला आणि आज तो वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, हे ऐकताना गच्चीवर सगळे शांत झाले होते.

वड आता आमच्या बाल्कनीच्या सावलीत आहे. नवी पालवी दिसेपर्यंत त्याला खत द्यायचे नाही, असे काकूंनी बजावले आहे.