सुपारीएवढे मूत्राशय

श्रावणातल्या एका पावसाळी सकाळी साताऱ्यातील माझ्या दवाखान्यात एक आजी टॉवेलमध्ये गुंडाळलेले मांजराचे पिल्लू घेऊन आल्या. माळ्यावर व्यालेली मांजर आदल्या सकाळपासून परतली नव्हती आणि तेव्हापासून आजी दर तीन तासांनी पिल्लाला ड्रॉपरने गाईचे दूध पाजत होत्या. "पितंय चांगलं, पण शी-शू काही नाही. एरंडेलाचा थेंब द्यावा का?" त्यांनी विचारले. तो अजून दिला नव्हता, हे पिल्लाचे नशीब.

पिल्लाचे डोळे नुकतेच उघडले होते, म्हणजे वय दहा-बारा दिवसांचे. वजन 210 ग्रॅम. पोट चाचपताच ताणलेले मूत्राशय सुपारीएवढे बोटांना लागले. टॉवेलवरचा ओलसर डाग म्हणजे शू नव्हती, तर भरून वाहिलेल्या मूत्राशयाची गळती होती.

जन्मानंतर सुमारे तीन आठवडे पिल्लाला शी-शू आपणहून करता येत नाही. आई शेपटीखाली चाटते तेव्हाच ती होते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस मी तिथे हलकेच फिरवू लागलो, आणि मिनिटभरात गडद पिवळ्या लघवीची धार लागली, ती थांबेचना. पोट दाबून मूत्राशय रिकामे करण्याचा मोह अशा वेळी होतो, पण ते फुटण्याचा धोका असतो. शी मात्र झाली नाही, आणि त्याची मला फारशी चिंताही नव्हती, कारण दूध बदलल्यावर या वयात एखादा दिवस शीविना जाऊ शकतो. लघवी मात्र प्रत्येक पाजणीला व्हायला हवी आणि तिचा रंग फिकट असायला हवा. गाईच्या दुधाने जुलाब होण्याची भीती असल्याने पिल्लांसाठीची दूधपावडर लिहून दिली. आमच्या छापील सूचनांमध्ये दूध किती पाजावे याचे कोष्टक असते, कापसाचा उल्लेखही नसतो. तो मी त्या दिवशी हाताने लिहिला.

दुसऱ्या दिवशी आजींचा फोन आला: मोहरीच्या रंगाची, घट्टसर शी झाली होती. ती अगदी हवी तशीच होती.

दोन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या, आता तक्रार घेऊन. पिल्लू कापूस लावू देत नव्हते आणि तुळशीवृंदावनातली माती उकरून तिथेच बसत होते. मी उथळ ताटलीत कोरडी माती ठेवायला सांगितले. मांजरांच्या शी-शूसाठी विकत मिळणारी, ओल लागताच गोळा होणारी माती (लिटर) या वयात नको, कारण पिल्ले ती खाऊन पाहतात. "आणि तुळशीचं काय?" आजींनी विचारले. त्यावर माझ्याकडे जाळी लावण्यापलीकडे उपाय नव्हता.