पुतळ्याचं घड्याळ आणि हरवलेला लंबक

सांगलीच्या गावभागातल्या त्या वाड्यात मी लहानपणी शिकवणीला जायचे. दिवाणखान्यातल्या कोनाड्यात काळ्या लाकडी बैठकीवर एक सोनेरी बाई उभी असायची. हातात विळा, काखेत गव्हाची पेंढी, आणि पायाशी खडकात बसवलेली पांढरी तबकडी. घरच्या आजी तिला लक्ष्मीच म्हणायच्या. खंडेनवमीला शिवणाच्या मशीनबरोबर तिलाही हळदकुंकू लागायचं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा घड्याळ पाण्यात बुडालं. पुढे वाडा उतरवायचं ठरलं आणि भंगारवाला ते किलोच्या भावानं मागायला लागला. आजींनी मला बोलावून घेतलं. "तुला आवडायचं ना गं ते? तू ने. पण फुकट नको नेऊस, लक्ष्मी आहे." एकशे एक रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि जुन्या चादरीत गुंडाळून घड्याळ घरी आणलं. लंबक नव्हता. घड्याळावर झाकायची काचेची हंडी तर फार पूर्वीच फुटली होती.

घरी आल्या आल्या मी जे केलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. देवाची भांडी घासतो तसा मी चिंचेचा कोळ घेतला आणि बाईच्या कोपरापासून सुरुवात केली. सोनेरी रंग बोटाला लागला आणि खालून पांढरट करडा धातू दिसला. तांबूस नाही, पिवळाही नाही. पत्र्याच्या जुन्या बादलीसारखा. मी तिथेच थांबले, साध्या पाण्यानं पुसून कोरडं केलं, पण अंगठ्याएवढा डाग राहिला तो राहिलाच.

त्या डागामुळेच पुढचा शोध सुरू झाला. ही बाई ब्राँझची नव्हतीच. ती जस्ताच्या मिश्रधातूची होती. इंग्रजीत त्याला स्पेल्टर म्हणतात, फ्रेंच लोक रेग्यूल म्हणतात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, ब्राँझला त्याच्या दुपटीहून जास्त तापमान लागतं. शिवाय जस्ताचा रस धातूच्या साच्यात ओतून, कडेला थर धरला की उरलेला पुन्हा ओतून घेता येतो. म्हणून असे पुतळे आतून पोकळ असतात आणि एकाच साच्यातून कितीतरी निघतात. वरून सोनेरी किंवा ब्राँझसारखा रंग चढवला की दिवाणखान्यात शोभायला तयार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या मध्यमवर्गीय घरांत शेकोटीवरच्या फळीवर अशी घड्याळं आली ती यामुळेच.

आता कुणाकडे असं घड्याळ दिसलं की मी आधी ते उलटं करायची परवानगी मागते. बुडाशी, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, हलकासा ओरखडा काढला तर करडं की पिवळं ते लगेच कळतं. नखानं टिचकी मारली तर ब्राँझ किणकिणतं, जस्त मात्र बद्द वाजतं. चुंबक दोन्हीला चिकटत नाही. चिकटला तर ते बिडाचं. पायाशी मोरोसारख्या नामवंत शिल्पकाराच्या नावाची पट्टी असली तरी तिच्यावर भिस्त ठेवू नये, कारण अशा पट्ट्या जस्ताच्या पुतळ्यांवर सर्रास असतात. आणि जस्ताचं म्हणून नाक मुरडणंही मला पटत नाही. अमेरिकेतल्या ब्रुकलिनच्या अन्सोनिया कंपनीनं पुतळ्यांची जी घड्याळं काढली तीही जस्ताचीच होती, आणि लोक ती आजही हौसेनं जमवतात.

पण घड्याळाचं खरं वय पुढून कळत नाही, पाठीमागून कळतं. गणपती पेठेत एक जुने घड्याळजी बसतात, त्यांच्याकडे ते घेऊन गेले. त्यांनी मागचं झाकण काढलं, आतला गाळ ब्रशनं झाडला आणि मला भिंग दिलं. "ताई, वाचा काय लिहिलंय ते." गोल पितळी पाटीवर बारीक शिक्का होता: एस. मार्ती, सुवर्णपदक, पॅरिस १९००, अर्थात फ्रेंचमध्ये. मार्ती हे पूर्व फ्रान्समधल्या मोंबेलियारचे. तिकडे घड्याळाची यंत्रं तयार व्हायची आणि दुसरीकडे ती पुतळ्यांत बसवली जायची. शिक्क्यातलं १९०० हे पदक मिळालं ते साल, घड्याळ बनलं ते नव्हे. म्हणजे माझं घड्याळ त्यानंतरचं. वाड्यात सगळे त्याला 'दीडशे वर्षांचं' म्हणायचे, ते तितकं जुनं नाही. तबकडीवर बाराच्या वर एक बारीक चौकोनी टोक आहे. ती ब्रोको पद्धतीच्या टांगणीची, म्हणजे लंबक टांगायच्या एका फ्रेंच पद्धतीची खूण. चावीचं बारकं टोक तिथे घालून घड्याळाची चाल जलद किंवा मंद करता येते, मागे हात घालावा लागत नाही. याच्याही आधीच्या फ्रेंच घड्याळांत लंबक रेशमी दोऱ्यावर टांगलेला असे. दोरा दिसला की घड्याळ बरंच जुनं समजायचं.

घड्याळजी काकांनी आधी कमानींचा, म्हणजे आतल्या स्प्रिंगांचा, ताण उतरवला. चावी भरलेली असताना यंत्र खोललं तर कमान सुटून बोटं फाटतात, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. पुराच्या पाण्यात पितळी चक्रं टिकली होती, पोलादी दातेऱ्यांवर मात्र गंज होता. त्यातच तीन आठवडे गेले.

मग लंबक. काकांकडच्या खोक्यातून एक जवळपास बसेल असा काढून लावला, तर तासाला सहा-सात मिनिटं पुढे. गोळा कितीही खाली सरकवला तरी पुढेच. पाटीवर अनुक्रमांकाखाली थोडी जागा सोडून ५ आणि ६ असे दोन आकडे ठोकलेले होते. आम्ही दोघांनीही ते कारागिराची खूण समजून सोडून दिले होते. शेवटी वाचता वाचता उलगडा झाला. ती लंबकाचीच लांबी होती: ५ पूस, ६ लिन्य. पूस म्हणजे जुना फ्रेंच इंच, २७.०७ मिलिमीटरचा. त्याचे बारा भाग म्हणजे लिन्य. फ्रान्सनं १७९५ सालीच मीटर स्वीकारला, पण घड्याळवाल्यांनी आपलं जुनं माप शंभर वर्षांनंतरही सोडलं नाही. साडेपाच पूस म्हणजे १४९ मिलिमीटर. आम्ही लावलेला लंबक १२० चा होता!

कुपवाडच्या एमआयडीसीत एक टर्नर ओळखीचे आहेत. त्यांनी पोलादी दांडी आणि पितळी गोळा करून दिला, गोळ्याखाली बारीक आट्यांचा नट. मूळ लंबकावर बहुतेक यंत्राचाच अनुक्रमांक ठोकलेला असतो. तो जुळला तर घड्याळाची किंमत वाढते. टर्नर म्हणाले, "मॅडम, तोच नंबर मारून देतो, कुणाला कळणार नाही." मी नको म्हटलं. उद्या हे घड्याळ ज्याच्या हातात जाईल त्याला लंबक नवा आहे हे दिसायलाच हवं.

तरी ते दहा मिनिटांत बंद पडायचं. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं नव्हतं, लंगडत चालल्यासारखं. काकांनी मागचे दोन स्क्रू सैल करून अख्खं गोल यंत्र पुतळ्याच्या आत केसभर फिरवलं, कान लावला, पुन्हा किंचित फिरवलं. ठोका सम झाला तसा त्यांनी स्क्रू आवळला. टोल्यांचा घोळ त्यानंतर मिटला. मागच्या खाचांच्या चक्रावर टोल्यांचा हिशोब असतो. काटे घाईनं फिरवले की तो चुकतो आणि सातला सहा पडतात. बाजूची बारीक पट्टी उचलून वेळेशी जुळेपर्यंत टोले पाडायचे, मग सरळ. तासांचे आणि अर्ध्या तासाचा एकेक धरून बारा तासांत नव्वद टोले होतात. पहिल्या दिवशी मी ते सगळे मोजले.

बैठकीचं काळं पॉलिश पुरानं पांढरं पडलं होतं. ते मिरजेच्या एका सतारमेकरांनी लाखेच्या पॉलिशनं पुन्हा आणलं. तंबोऱ्यावर हात फिरवावा तसा बोळा फिरवत होते. बाईच्या कोपराला मात्र मी सोनेरी रंग दिला नाही. फक्त मेण लावलं आहे. तिच्या पदराच्या चुण्यांत खोलवर जुनं कुंकू बसलेलं आहे, पुराच्या पाण्यालाही ते निघालं नाही, तेही तसंच ठेवलं.

आता काचेची हंडी राहिली आहे. बैठकीवर तिची लंबगोल खाच आहे, ३४ सेंटिमीटर लांब आणि १५ रुंद. तशी हंडी मिळेपर्यंत फिशटँक करणाऱ्याकडून चौकोनी पेटी करून घेतली आहे. खाचेचं माप वहीत लिहिलेलं आहे, आणि कोल्हापूरला गेले की जुन्या सामानाच्या दुकानांत टेप घेऊनच शिरते.