जिनीचं ‘वय झालं’ नव्हतं

जिनी आमची गोल्डन रिट्रीव्हर. नऊ वर्षांची, वजन 36 किलो. जेवणासाठी तिला कधी आग्रह करावा लागला नाही. उलट रिकामं भांडं चाटत चाटत ती सोफ्याखाली ढकलायची आणि ते काढायला आम्हाला जमिनीवर पालथं पडावं लागायचं. त्यामुळे एका सकाळी तिने नुसतं हुंगून तोंड फिरवलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मला ते नखरे वाटले.

पुढचे चार दिवस मी तिच्यापुढे नुसती भांडी बदलत होते. रोजचं खाणं कोमट पाण्यात भिजवून, मग उकडलेलं चिकन, मग अंडं, मग हाताने एकेक घास. ती माझं मन राखायला घेतल्यासारखा तुकडा तोंडात घ्यायची आणि तसाच खाली टाकायची. भांड्याजवळ यायची, वास घ्यायची, ओठ चाटायची, दोनदा आवंढा गिळायची आणि निघून जायची. ओठ चाटतेय म्हणजे तोंडाला पाणी सुटलंय, असं मी समजत होते. ती मळमळ होती. आणि मळमळत असताना घास पुढे करत राहिलं की त्या पदार्थाचीच कुत्र्याला शिसारी बसू शकते, हे मला नंतर कळलं. अंड्याकडे ती अजून बघत नाही.

आई म्हणाली, “वय झालं तिचं. आपलंही जेवण कमी होतंच की.” मलाही ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. जिना चढेना, वय. दिवसभर लोळते, वय. रात्री दोनदा लघवीला उठवते, तेही वयच. पाणी जास्त पितेय हे दोघींनाही दिसत होतं, पण ‘पिते आहे ना, बरंच आहे’ असं म्हणून आम्ही निवांत.

पाचव्या सकाळी ती उठलीच नाही. ताप बघितला तर 38.7 सेल्सिअस. कुत्र्याचं तापमान साधारण 38 ते 39.2 असतंच, म्हणजे ताप नाही. मला हायसं वाटलं, आणि ते चुकीचं होतं. फोनवर डॉक्टरांनी जेवणाबद्दल फारसं विचारलंच नाही. त्यांचे प्रश्न वेगळेच होते: पाणी किती पिते? ऑपरेशन करून गर्भाशय काढलंय का? शेवटची हीट (माज) कधी आली होती?

पाणी मोजलंच नव्हतं. आदल्या दिवशी जग किती वेळा भरला ते आठवून हिशेब केला तर पाच लिटरच्या आसपास गेला. दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटरच्या वर पाणी गेलं की काहीतरी बिनसलंय असं समजतात; तिच्या वजनाला ती मर्यादा साडेतीन लिटरच्या थोडी वर. ऑपरेशन केलं नव्हतं. आधी ‘इतकी घाई काय’ म्हणून, नंतर ‘आता या वयात भूल कशाला द्यायची’ म्हणून. हीटची तारीख मात्र आठवेना. शेवटी मोबाईलमधले फोटो चाळले, त्यात चड्डी घालून रुसून बसलेली जिनी सापडली. बरोबर सहा आठवड्यांपूर्वीची.

36 किलोचं आजारी कुत्रं उचलायचं कसं, हा प्रश्न आधी कुणी विचारात घेत नाही. आम्ही जाड चादर तिच्या अंगाखाली सरकवली, दोन्ही टोकांना एकेक जण, आणि झोळीतून गाडीपर्यंत नेलं.

सोनोग्राफीत पोटात सॉसेजसारखी फुगलेली, काळी दिसणारी वेटोळी होती. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. हीटनंतर दोनेक महिने प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आत स्राव साचतो आणि जंतूंना आयतं घर मिळतं. गर्भाशयाचं मुख बंद असेल तर बाहेर थेंबही येत नाही. जिनीचं तसंच होतं. त्या जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती लघवी सारखी आणि म्हणून ते पाणी. पांढऱ्या पेशी 17 हजारांच्या आत असायला हव्यात, तिच्या 41 हजार होत्या.

“भुलीचा धोका आहेच,” डॉक्टर म्हणाले, “पण ते आत फुटलं तर त्याहून मोठा.” काही तास सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन मग ऑपरेशन केलं. काढलेलं गर्भाशय त्यांनी ट्रेमध्ये दाखवलं. वजन केलं तर दोन किलोला थोडं कमी. हे सगळं पोटात घेऊन ती माझ्या हातचा घास माझ्यासाठी तोंडात घेत होती. ते मला अजून खुपतं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. मळमळीचं औषध चालू होतं, खाणं थोडं थोडं द्यायचं होतं, आणि मला सक्त ताकीद: भांडं ठेवायचं, दहा मिनिटांनी उचलायचं, मिनतवारी करायची नाही. पहिल्या संध्याकाळी चार चमचे गेले. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं जास्त.

तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरातून धडामकन आवाज आला. दिवा लावला तर जिनी गळ्यातल्या त्या प्लास्टिकच्या शंकूसकट कचऱ्याच्या डब्यात डोकं अडकवून उभी, शेपटी जोरात हलतेय आणि आतून मचमच ऐकू येतेय. टाके नुकते घातलेले, त्यामुळे मी ओरडत धावले. आई दारातच थांबली आणि डब्याकडे बघून म्हणाली, “वय झालंय ना गं तुझं?”