विजेला पाणी किती लागतं?

सौर आणि कोळशाच्या विजेची तुलना वाचायला घेतली की युनिटचा दर येतो, धूर येतो, कोळसा किती वर्षं पुरेल हे येतं. आमच्या परळी तालुक्यात पहिला प्रश्न पाण्याचा असतो, आणि तो क्वचितच कुणी विचारतं.

थर्मलच्या, म्हणजे परळीच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या, चिमण्या आमच्या वावरातून दिसतात. मामा, म्हणजे माझे सासरे, तिथं कंत्राटी कामगार होते. १९७१ साली ३० मेगावॅटचा पहिला वीजनिर्मिती संच सुरू झाला, त्यानंतर परळीतल्या किती घरांच्या चुली त्या पगारावर पेटल्या! आमचीही पेटली. म्हणून कोळशाच्या विजेला सरसकट वाईट म्हटलेलं मला पटत नाही.

पण थर्मल पाणी पितं. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, मग ती वाफ गार करायची. गार करतानाच कूलिंग टॉवरमधून भरपूर पाणी हवेत उडून जातं. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये अशा जुन्या केंद्रांना एका मेगावॅट-तासामागे ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घालून दिली. म्हणजे एका युनिटला साडेतीन लिटर. २५० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेनं चालला तर या मर्यादेतसुद्धा तासाला पावणेनऊ लाख लिटर लागतं. बारा हजार लिटरचे टँकर धरले तर सत्तरच्या वर टँकर, तेही तासाला.

कोळसा रेल्वेनं लांबून आणता येतो. पाण्यासाठी मात्र गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याकडं बघावं लागतं. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावं लागलं, २०१५ ला पुन्हा तेच. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणलं. पैठणचा १२ मेगावॅटचा जलविद्युत संचसुद्धा जायकवाडी भरलं तरच कामाचा. उन्हाचं उलट आहे. दुष्काळात दुसरं काही नसलं तरी ऊन असतंच, आणि पॅनलला पाणी लागतं ते धूळ धुण्यापुरतं.

आमच्या विहिरीवर आता सौरपंप आहे, पाच एचपीचा. आमचा हिस्सा दहा टक्के होता, बाकी अनुदानात झालं. याआधी रात्रपाळीची लाईट आली की ह्यांना गव्हात दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, जावं लागायचं. थंडीत चिखलात पाय, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, आणि बांधावर इचूकाट्याची भीती. मी घरी जागीच असायची. मध्येच डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, उडाली तर सगळी रात्र वाया. आता दहाला मोटार चालू होते, दुपारपर्यंत भिजवणं उरकतं. आभाळ आलं की धार बारीक होते, पण पावसात खंड पडतो तेव्हा बहुतेक कडक ऊनच असतं, आणि पाण्याची गरजही तेव्हाच असते. पैशांतली बचत मी मोजली नाही. ह्यांची झोप मला जास्त मोलाची वाटते.

मला खरी काळजी वेगळीच आहे. लाईट होती तेव्हा ती ठरल्या वेळी जायची आणि विहिरीला आपोआप उसंत मिळायची. उन्हाला बिल नाही, म्हणून मोटार बंद करायचं कारणच उरत नाही. आमच्या खाली काळा दगड. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत, तेवढंच. शेजारी ऊस लावून दिवसभर उपसा करायला लागले तर थर्मल कमी चालवून वाचलेलं पाणी शेतातच संपेल. माझं स्पष्ट मत आहे की सौरपंपासोबत ठिबक सक्तीचं करावं, आणि ज्या गावात पंप वाढतील तिथल्या विहिरींची पातळी दिवाळीनंतर दर महिन्याला मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी.

मामा म्हणतात, "रात्री दवाखान्यात लाईट कशावर चालणार?" त्यांचं बरोबर आहे. सूर्य मावळल्यावर साठवलेली वीज पुरेशी होईपर्यंत कोळसा लागणारच. बालाघाटावर पाटोद्याकडं पवनचक्क्या फिरतात, त्यांनाही पाणी लागत नाही, पण वारा काही रोज सारखा नसतो. मग दिवसाची जेवढी कामं उन्हावर होतात तेवढी उन्हावर करावीत, थर्मल रात्रीसाठी राखावं, आणि दुष्काळात पाणी आधी माणसाला, मग जनावराला, त्यानंतर संचाला द्यावं. ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे, फळ्याच्या मागणीसकट.