झिपरीच्या उड्या आणि भुंकणं : माझा अनुभव

आमची कुत्री झिपरी आठेक महिन्यांची झाली तेव्हा घरी कोणी येणार म्हटलं की मला टेन्शन यायचं. बेल वाजली की ही भुंकून घर डोक्यावर घेणार, दार उघडलं की येणाऱ्याच्या थेट छातीवर पाय, हातावर ओरखडे, ओढणीत नखं अडकलेली, आणि लहान मूल असेल तर ते खालीच पडणार. स्वभावाने अतिशय प्रेमळ आहे, कधी कोणाला दात लावला नाही, पण आईचे गुडघे दुखतात आणि एकदा झिपरीच्या उडीने तिचा तोल जाता जाता राहिला, तेव्हा मी हे मनावर घेतलं.

सल्ले भरपूर मिळाले. उडी मारली की छातीत गुडघा मार, मागच्या पायांवर पाय दे, तोंडावर पाणी मार, एकाने तर शॉकचा पट्टा घे म्हणून सांगितलं (वेल्समध्ये तो २०१० पासून बंद आहे). मला हे काहीच पटलं नाही. कुत्रं माणूस बघून खूश होतंय आणि नेमकं त्याच क्षणी त्याला दुखलं तर त्याच्या डोक्यात काय बसणार, की पाहुणा आला की दुखतं. मग जे कुत्रं आनंदाने अंगावर यायचं ते उद्या घाबरून गुरगुरायला लागेल. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की सगळ्या कुत्र्यांना बक्षीस देऊनच शिकवावं, वर्तनाची अडचण असलेल्यांनासुद्धा.

मुळात कुत्रं उडी का मारतं? पिल्लं आईच्या तोंडाजवळ जाऊन चाटतात, आमचं तोंड वर आहे म्हणून ते वर येतात, एवढं साधं आहे. आणि वर आलं की काहीतरी मिळतं. कोणी लाड करतं, कोणी "ए खाली उतर" म्हणून ओरडतं, कोणी दोन्ही हातांनी ढकलतं, आणि उत्साहात असलेल्या तरुण कुत्र्याला ढकलणं म्हणजे खेळच वाटतो. लक्ष मिळालं म्हणजे झालं.

मग आम्ही एकच नियम केला, चारही पाय जमिनीवर असतील तरच झिपरीला माणूस मिळेल. उडी मारली की हात बांधून पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचं नाही. पाय खाली टेकले रे टेकले की लगेच शाबासकी आणि खाऊ. ही वेळ सगळ्यात महत्त्वाची, एखाद-दोन सेकंदाच्या आत खाऊ गेला पाहिजे, पिशवी शोधत बसलात तर तोवर ती परत वर. आणि खाऊ हातातून वर धरून द्यायचाच नाही, जमिनीवर तिच्या पायाशी टाकायचा. हा बदल छोटा वाटतो पण फरक जबरदस्त पडला, कारण चांगली गोष्ट खाली मिळते हे कळलं की तिचं नाक आपोआप खाली जायला लागलं. मटारच्या दाण्याएवढे तुकडे पुरतात, आणि तेवढं तिच्या रोजच्या जेवणातून कमी करायचं.

नुसती पाठ फिरवून मात्र भागत नाही. काय करायचं नाही हे कळतं, पण मग करायचं काय? बसलेलं कुत्रं उडी मारू शकत नाही, म्हणून तिला "बस" पक्कं शिकवलं, आधी शांत खोलीत, मग दाराजवळ, मग मी बाहेर जाऊन परत आत येताना. पाहुणे यायचे तेव्हा पट्टा जड टेबलाच्या पायाला बांधून ठेवायचो, म्हणजे उडी पोचायचीच नाही, आणि पाहुण्याने ती बसली तरच जवळ यायचं, उठली की एक पाऊल मागे.

आणि इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, सुरुवातीला उड्या वाढतात. जे इतके दिवस चालत होतं ते अचानक चालेना झालं की कुत्रं आधी जास्त जोर लावून बघतं. याच टप्प्यावर बहुतेक घरं हार मानतात आणि मग कुत्र्याला कळतं की अजून जोरात उडी मारली की मिळतं. आम्ही दात-ओठ खाऊन थांबलो, मग उतार लागला.

खरा त्रास झिपरीपेक्षा माणसांचा होता. एक काका यायचे, "अगं राहू दे गं, मला आवडतात कुत्री" म्हणून तिला छातीशी घ्यायचे. मी म्हणायचे, काका तुम्हाला चालतं पण तिला तुमच्यात आणि आईत फरक कळत नाही हो. दहातल्या एकाने जरी लाड केले तरी कुत्रं उरलेल्या नऊ जणांवर नशीब आजमावत राहतं, कधीतरी मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं. शेवटी काकांच्या हातात मी दारातच खाऊचे तुकडे द्यायला लागले, म्हटलं लाड करायचेत ना, बसल्यावर करा. त्यांना काम मिळालं आणि प्रश्न सुटला.

भुंकण्याचं प्रकरण वेगळं, कारण सगळं भुंकणं एक नसतं. आधी नुसतं बघितलं की ही कधी आणि कशासाठी भुंकते. खिडकीतून जाणारा-येणारा दिसला की भुंकायची, तिथे मी खालच्या अर्ध्या काचेला धुरकट कागद लावला, बरंचसं संपलं. शिकवण्याआधी संधी कमी करणं हे मला फार पटलेलं आहे. लक्ष द्या म्हणून भुंकायची तेव्हा उत्तर द्यायचं नाही, गप्प झाली की मग बोलायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती आपणहून शांत पडलेली असताना जाऊन खाऊ द्यायचा. शांत कुत्र्याकडे कोणी बघतच नाही, सगळं लक्ष आवाज करणाऱ्याला.

बेलला सगळ्यात जास्त वेळ लागला. फोनवर बेलचा आवाज रेकॉर्ड केला, इतका हळू लावला की कान टवकारतील पण भुंकणार नाही, आणि आवाज झाला की लगेच तिच्या चटईवर खाऊ टाकला. आवाज आधी, खाऊ नंतर, हा क्रम कधी उलटा नाही. हळूहळू आवाज वाढवला, भुंकली की परत कमी. मग घरातल्या कोणीतरी खरी बेल वाजवायची. एके दिवशी कुरियरवाला आला, बेल वाजली, तिचा एक "भू" अर्धवट बाहेर पडला, मान दाराकडे, मग माझ्याकडे, मग चटईकडे, आणि तुरुतुरु जाऊन बसली. शेपटी जमिनीवर आपटत होती, अंग थरथरत होतं, पण बसली होती. मी सगळी मूठ तिथेच रिकामी केली.

मधे एक काळ असा आला की शिकलेलं सगळं विसरल्यासारखं करायला लागली. मी घाबरले नाही कारण हे वयच तसं असतं. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की कुत्री पाच महिन्यांची असताना "बस" जेवढं ऐकतात त्यापेक्षा आठ महिन्यांची असताना आपल्याच माणसाचं कमी ऐकतात, परक्याचं मात्र ऐकतात, आणि पुढे हे सुधारतं. आम्ही दोन पायऱ्या मागे जाऊन सोपं करून घेतलं. संध्याकाळी ती फारच पिसाटायची, तेव्हा लक्षात आलं की झोप कमी पडतेय. दुपारी अंधाऱ्या खोलीत पडायला लावलं आणि फिरताना घाईने ओढून न नेता मनसोक्त वास घेऊ दिले, त्याने ती जितकी निवते तितकी चेंडूमागे पळून निवत नाही.

आता घरात कोणी आलं की ती बसते, आई काठीशिवाय दार उघडते. बाहेर दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकणं अजून चालू आहे. समोरच्या फुटपाथवरून गेलं तर ती बघते, माझ्याकडे वळते, खाऊ घेते. आमच्याच बाजूने समोरून आलं तर अजून नाही जमत, मग मी लांबूनच वळते आणि दुसरा रस्ता धरते.